बोटीची बॅटरी: निवड, जोडणी आणि त्याआधीचा हिशोब

बोटीच्या वीजव्यवस्थेबद्दल विचारणारे बहुतेक जण एकच प्रश्न घेऊन येतात: कोणती बॅटरी घेऊ? माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. पहिला, दिवसाला वीज किती लागते? दुसरा, वापरलेली वीज परत भरणार कशी? या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर उतरली की बॅटरीची निवड बरीचशी आपोआप होते. उत्तरं न काढता आणलेली महागातली बॅटरीसुद्धा दोन मोसमांत मरते. दोष मात्र बॅटरीवर जातो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

पुढचं सगळं एक इंजिन आणि १२ व्होल्टची व्यवस्था असलेल्या लहान मोटरबोटीला किंवा शिडाच्या बोटीला धरून लिहिलं आहे. २४ व्होल्टला नियम तेच राहतात, फक्त तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो.

खर्चाचा कागद

बॅटरीवर लिहिलेलं 'एएच' म्हणजे ॲम्पिअर-तास. उपकरण किती ॲम्पिअर ओढतं, गुणिले किती तास चालतं, इतकाच हिशोब. उपकरणावर वॅट लिहिले असतील तर १२ ने भागा. नांगर टाकून राहणाऱ्या आणि दिवसा काही तास प्रवास करणाऱ्या बोटीचा एक नमुना:

- फ्रिज: ४.५ ॲम्पिअर, कॉम्प्रेसर दिवसात एकूण १० तास चालू: ४५
- ऑटोपायलट: सरासरी ३ ॲम्पिअर, ५ तास: १५
- चार्टप्लॉटर: १.५ ॲम्पिअर, ६ तास: ९
- केबिनचे एलईडी दिवे: मिळून १.५ ॲम्पिअर, ५ तास: ७.५
- फोन आणि टॅबलेट चार्जिंग: ६
- व्हीएचएफ रेडिओ, बहुतेक वेळ नुसता ऐकण्यावर: ०.४ ॲम्पिअर, १० तास: ४
- नांगरावरचा एलईडी दिवा: ०.२ ॲम्पिअर, १० तास: २
- पाण्याचा पंप: ६ ॲम्पिअर, १५ मिनिटं: १.५

बेरीज ९० ॲम्पिअर-तास. यातला अर्धा खर्च एकट्या फ्रिजचा आहे. म्हणून बॅटरी वाढवण्याआधी फ्रिजचं इन्सुलेशन आणि दाराचं रबर बघा. तिथे वाचलेल्या प्रत्येक ॲम्पिअरमुळे बॅटरी, केबल आणि चार्जर या तिन्हींचा आकार कमी होतो. इन्व्हर्टर असेल तर आणखी जपा. १००० वॅटची किटली १२ व्होल्टच्या बाजूने, इन्व्हर्टरचा तोटा धरून, ९० ॲम्पिअरच्या वर ओढते.

आता चार्जिंगशिवाय किती दिवस काढायचे ते ठरवा. दोन दिवस म्हटले तर १८० ॲम्पिअर-तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ३६० ची बँक (एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच) लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणजे २२५ पुरे. बोटीवरच्या शिशाच्या बॅटऱ्या मात्र प्रवासात क्वचितच शंभर टक्के भरतात. वरचे १५-२० टक्के भरायला तासन्‌तास लागतात आणि तोवर कुणी इंजिन चालू ठेवत नाही. म्हणजे रोजच्या वापरात हाती येतो तो ५० ते ८५ टक्क्यांमधला पट्टा, क्षमतेच्या जेमतेम एक तृतीयांश. कागदावर ३६० असलेली बँक व्यवहारात १२० सारखी वागते ती यामुळेच.

अजून एक बारकावा. शिशाच्या बॅटरीची क्षमता सहसा २० तासांच्या हिशोबाने मोजलेली असते. १०० एएच म्हणजे ५ ॲम्पिअर, २० तास. त्याच बॅटरीतून ५० ॲम्पिअर ओढले तर दोन तास मिळत नाहीत, तासाभरात किंवा थोडं पुढे ती कोलमडते. हा संबंध जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडला आणि आजचे बॅटरी मॉनिटरही त्यांच्याच नावाचा आकडा भरायला सांगतात. लिथियममध्ये हा परिणाम नगण्य असतो.

दोन कामं, दोन बँका

इंजिन सुरू करायचं काम वेगळं आणि रात्रभर दिवे-फ्रिज चालवायचं काम वेगळं. स्टार्टर २०० ॲम्पिअर ओढतो, पण काही सेकंदच. पाच सेकंद धरले तरी खर्च पाव ॲम्पिअर-तासाच्या जरा वर जातो, इतकाच. त्यासाठी स्टार्टिंग बॅटरीत पातळ आणि पुष्कळ पट्ट्या असतात, म्हणजे एका क्षणात मोठा करंट सुटतो. ती वरचेवर खोलवर उतरवली तर पट्ट्यांवरचं द्रव्य गळून पडतं. डीप सायकल बॅटरीच्या पट्ट्या जाड असतात. तिला सावकाश उतरणं आणि पुन्हा भरणं मानवतं.

स्टार्टिंग बॅटरी निवडताना एएच नको, क्रँकिंगचा आकडा बघा. 'सीसीए' (कोल्ड क्रँकिंग ॲम्पिअर) उणे १८ अंश सेल्सिअसला मोजतात: ३० सेकंद तेवढा करंट देऊन बॅटरी ७.२ व्होल्टखाली जाता कामा नये. 'एमसीए' (मरीन क्रँकिंग ॲम्पिअर) शून्य अंशाला मोजतात, म्हणून तीच बॅटरी एमसीएमध्ये मोठी दिसते. तुलना करताना दोन्हीकडे एकच माप धरा आणि इंजिनच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याखाली जाऊ नका.

दोन्ही कामांची म्हणून विकली जाणारी दुहेरी बॅटरी लहान, उघड्या, दिवसभराच्या बोटीला चालते. रात्र बोटीवर काढणार असाल तर मी ती घेणार नाही. पहाटे वारा फिरला, नांगर सरकायला लागला आणि रात्रीच्या फ्रिजने स्टार्टरची वीज खाल्ली असेल, तर तेव्हा वाचवलेली जागा कामाला येत नाही.

कोणती जात

शिशाच्या जातींत पाणी घालायची साधी बॅटरी सर्वांत स्वस्त आणि चुका सोसणारी. पण तिला हवेशीर जागा, दर महिना-दोन महिन्यांनी डिस्टिल्ड पाणी आणि सरळ उभं राहणं लागतं. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. जेल बॅटरीला चार्जिंगचा व्होल्टेज कमी लागतो, साधारण १४.१ ते १४.२. त्यावर गेलात तर जेलमध्ये कायमच्या पोकळ्या होतात. म्हणून बोटीवर आधीचा साधा चार्जर असेल तर जेल टाळा. एजीएममध्ये आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं. ती सांडत नाही, चार्ज वेगाने घेते, पडून असताना कमी उतरते. अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे ठेवली तर मात्र लवकर संपते.

लिथियममध्ये बोटीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्या, लिथियमच्या जातींत तीच सर्वांत स्थिर. १०० एएचची बॅटरी साधारण १२ किलोची. तेवढ्याच शिशाच्या बॅटरीचं वजन ३० किलोच्या आसपास जातं. शिशाची बॅटरी निम्म्या उतरणीवर काहीशे फेऱ्या टिकते, तर ही हजारोंत. पण तिला चौकट लागते. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. इंजिनच्या खोलीतल्या उष्णतेत ठेवायची नाही. आतली बीएमएस, म्हणजे पेशींवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, धोका दिसला की बॅटरी एका झटक्यात तोडते. इंजिन चालू असताना असं झालं तर अल्टरनेटरच्या (इंजिनवर चालणाऱ्या जनित्राच्या) करंटला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळतो आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा चालू असलेली इलेक्ट्रॉनिक्स जळते. शिवाय ही बॅटरी मिळेल तेवढा करंट घेते, त्यामुळे साधा अल्टरनेटर तासाभर पूर्ण ताकदीने चालून तापतो.

यावरचा सरळ मार्ग असा. स्टार्टिंग बॅटरी शिशाचीच ठेवा, अल्टरनेटर तिलाच जोडा आणि तिथून डीसी-डीसी चार्जरने लिथियम बँक भरा. ३० ॲम्पिअरचा चार्जर ठरलेलाच करंट घेतो आणि बीएमएसने बॅटरी तोडली तरी अल्टरनेटरला शिशाच्या बॅटरीचा आधार राहतो.

भरायची सोय

शिशाची बॅटरी टप्प्यांत भरते. आधी पूर्ण करंट. मग १४.४ च्या आसपास व्होल्टेज धरून ठेवायचा आणि करंट हळूहळू घटू द्यायचा. शेवटी १३.५ च्या आसपास फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच धरून ठेवणारा कमी व्होल्टेज. नेमके आकडे बॅटरीच्या कागदावर असतात आणि चार्जरवर तेच लावायचे. उष्ण हवेत व्होल्टेज उतरवावा लागतो, १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशाला साधारण ०.०२ ते ०.०३ व्होल्ट. त्यासाठी चार्जरचा तापमान सेन्सर बॅटरीला चिकटवा. अनेक जण ती वायर डब्यातच ठेवून देतात.

चार्जरचा आकार शिशाच्या बँकेच्या १० ते २५ टक्के असावा. ३६० च्या बँकेला ४० ते ८० ॲम्पिअर. १० ॲम्पिअरच्या चार्जरने ती बँक रात्रभरात भरेल, अशी अपेक्षा ठेवू नका. सौर पॅनेलला माझी मनापासून शिफारस आहे. बोट एकटी उभी असते त्या दिवसांत वरचे १५ टक्के तेच भरतं आणि शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसू देत नाही. बहुतेक बॅटऱ्या वापराने मरत नाहीत, अर्धवट भरलेल्या पडून राहिल्याने मरतात.

आराखडा

पूर्वीपासून चालत आलेला '१-२-दोन्ही-बंद' असा फिरता स्विच मला पसंत नाही. तो माणसाच्या आठवणीवर चालतो. 'दोन्ही'वर राहून गेला की रात्रीत दोन्ही बँका उतरतात. इंजिन चालू असताना चुकून 'बंद'वर फिरला तर अल्टरनेटरचे डायोड जातात. त्याऐवजी प्रत्येक बँकेला स्वतःचा चालू-बंद स्विच द्या आणि दोन बँकांमध्ये, एरवी बंद राहणारा, अडचणीच्या वेळेचा तिसरा स्विच ठेवा.

दोन्ही बँका शिशाच्या असतील तर अल्टरनेटर थेट घरगुती, म्हणजे दिवे-फ्रिज चालवणाऱ्या, बँकेला जोडा आणि मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले बसवा. चार्जिंग सुरू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ वर गेला की तो दोन्ही बँका जोडतो, १२.८ च्या आसपास उतरला की तोडतो. कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही.

बिल्ज पंप मुख्य स्विचच्या मागे कधीही नको. सगळे स्विच बंद करून तुम्ही घरी गेलात तरी बोटीच्या तळातलं पाणी उपसलं गेलंच पाहिजे. म्हणून त्याची वायर स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीला.

बॅटरी मॉनिटरचा शंट, म्हणजे ज्यावर करंट मोजला जातो तो तुकडा, ऋण बाजूला येतो. नियम एकच: घरगुती बँकेच्या ऋण टोकावर शंटला जाणारी एकच केबल. बाकी सगळ्या ऋण वायरी, चार्जर आणि सौर पॅनेल धरून, शंटच्या पलीकडे. एखादी वायर चुकून बॅटरीच्या बाजूला राहिली तर तिच्यातून जाणारा करंट मोजला जात नाही आणि आकडा खोटा ठरतो. लिथियमला मॉनिटर लागतोच, कारण तिचा व्होल्टेज २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये जवळजवळ हलतच नाही. शिशाची बॅटरी काही तास विश्रांतीनंतर १२.७ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी.

बॅटऱ्या एकमेकींना जोडताना

समांतर जोडणीत धन टोकं धन टोकांना आणि ऋण ऋणांना. व्होल्टेज तोच राहतो, एएच वाढतात. ओळीने जोडलं तर उलट: सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे १२ व्होल्ट होतात, एएच तेवढेच. दोन्ही प्रकारांत बॅटऱ्या एकाच जातीच्या, क्षमतेच्या आणि वयाच्या हव्यात. जुन्या जोडीतली एकच बदलली तर जुनी नवीला आपल्या पातळीवर ओढते.

माझ्या पहिल्या बोटीवर दोन समांतर बॅटऱ्यांतली पहिली दीड वर्षात गेली, दुसरी ठणठणीत होती. कारण जोडणीत होतं. बोटीकडे जाणाऱ्या दोन्ही केबल मी पहिल्याच बॅटरीवरून काढल्या होत्या. दुसरीचा करंट जोडपट्टीच्या केबलमधून फिरून यायचा, त्या केबलचा आणि लगांचा (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्यांचा) थोडासा अडथळा मध्ये पडायचा आणि पहिलीवर रोज जास्त भार यायचा. आता मी धन केबल पहिल्या बॅटरीवरून आणि ऋण केबल शेवटच्या बॅटरीवरून, तिरपी काढतो. तीन-चार बॅटऱ्या असतील तर प्रत्येकीकडून सारख्या लांबीच्या केबल बसबारपर्यंत, म्हणजे अनेक केबल एकत्र जोडायच्या धातूच्या पट्टीपर्यंत, नेणं जास्त चांगलं. जोडपट्टीच्या केबलही मुख्य केबलइतक्याच जाड असाव्यात.

लिथियम समांतर जोडण्याआधी प्रत्येक बॅटरी वेगवेगळी पूर्ण भरून घ्या. कमी-जास्त भरलेल्या दोन एकदम जोडल्या तर एकीतून दुसरीत धो धो करंट वाहतो.

केबलची जाडी

जाडी दोन गोष्टींवर ठरते, तापणं आणि व्होल्टेजची घट. बोटीवर अंतरं लांब आणि व्होल्टेज कमी, म्हणून बहुतेक वेळा घटच निर्णायक ठरते. तांब्यासाठी सूत्र सोपं आहे: ०.०१७५ गुणिले जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये, गुणिले ॲम्पिअर, भागिले चालणारी घट व्होल्टमध्ये. उत्तर चौरस मिलिमीटरमध्ये येतं. प्रवासाचे दिवे, मुख्य पॅनेलची केबल अशा महत्त्वाच्या ठिकाणी घट ३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ०.३६ व्होल्ट. बाकी ठिकाणी १० टक्क्यांपर्यंत चालते, पण फ्रिजला मी ३ टक्केच धरतो, कारण व्होल्टेज पडला की कॉम्प्रेसर सुरूच होत नाही.

उदाहरण घ्या. फ्रिज ५ ॲम्पिअरचा, बॅटरीपासून ६ मीटरवर. जाऊन-येऊन १२ मीटर. ०.०१७५ × १२ × ५ = १.०५, भागिले ०.३६, म्हणजे २.९. तर ४ चौरस मिलिमीटरची वायर. नांगर ओढणारी मोटर ८० ॲम्पिअरची, ७ मीटरवर, घट ५ टक्के धरली तर उत्तर ३२.७ येतं, म्हणजे ३५ ची केबल. परतीची लांबी विसरून निम्म्या जाडीची केबल टाकणं ही सगळ्यात सामान्य चूक.

केबल कथिलाचा मुलामा दिलेल्या, बारीक अनेक तारांच्या तांब्याची असावी. घरात वापरतात ती एकाच जाड तारेची वायर बोटीच्या कंपनांनी आतून तुटते. मुलामा नसेल तर खारं पाणी इन्सुलेशनच्या आत रांगत जातं आणि तांबं काळं पडतं.

फ्यूज

फ्यूज केबलसाठी असतो, उपकरणासाठी नाही, म्हणून तो केबलच्या क्षमतेपेक्षा मोठा असता कामा नये. जागाही तितकीच महत्त्वाची. केबल कुठे घासली आणि शॉर्ट झाली तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा बिनसंरक्षणाचा राहतो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या मानकात हे अंतर मुळात ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर दिलं आहे. केबल वेगळ्या आवरणातून नेली असेल तर सवलत मिळते. स्टार्टरच्या केबलला त्यात फ्यूजची सक्ती नाही, बाकी प्रत्येक धन केबलला आहे. चार्जरसारख्या ठिकाणी केबलच्या दोन्ही टोकांना वीज असते, तिथे दोन्हीकडे संरक्षण बघा.

लिथियमसाठी फ्यूज कोणता हे नीट वाचा. शॉर्ट झाल्यावर ही बॅटरी हजारो ॲम्पिअर सोडते. हलका फ्यूज वितळतो, पण आतली ठिणगी सुरूच राहते. तिथे क्लास टी फ्यूज लावा, तो २०,००० ॲम्पिअरपर्यंत तोडू शकतो. शिशाच्या लहान बँकेला बॅटरीच्या टोकावरच बसणारा फ्यूज सोयीचा आणि पुरेसा आहे.

जागा आणि सांधे

बॅटरी आम्ल सोसणाऱ्या पेटीत, पट्ट्याने इतकी घट्ट बांधा की बोट कलंडली तरी ती बोटभरही सरकू नये. धन टोकांवर झाकणं. शिशाच्या बॅटरीच्या पेटीला हवेची वाट वरून द्या, कारण हायड्रोजन हलका असतो आणि हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. पेटी तळातल्या पाण्याच्या पातळीपासून उंच ठेवा. खारं पाणी आम्लात गेलं तर क्लोरिन वायू तयार होतो.

लग बसवायला षटकोनी जबड्याची क्रिम्पिंग पक्कड वापरा. हातोडीने ठोकलेला लग वरून छान दिसतो, आत पोकळ राहतो. नुसत्या सोल्डरच्या डागावर भिस्त नको, सांधा तापला की डाग वितळतो. वरून आत गोंद असलेली आकसणारी नळी चढवा. बोल्टवर सर्वांत मोठ्या करंटचा लग सर्वांत खाली, थेट धातूला धातू लागलेला, आणि वॉशर सगळ्यात वर. लगाच्या खाली वॉशर गेला तर सगळा करंट त्या स्टीलमधून जातो आणि सांधा तापतो. एका बोल्टवर चारपेक्षा जास्त लग होत असतील तर बसबार घ्या.

जोडायचा क्रम

अंगठी, घड्याळ, साखळी काढा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. सगळे स्विच बंद, फ्यूज काढलेले. आधी पॅनेल, बसबार, स्विच यांची जोडणी पूर्ण करा आणि बॅटरी सगळ्यात शेवटी घ्या: आधी धन, मग ऋण. काढताना आधी ऋण. ऋण बाजू सहसा इंजिनला जोडलेली असते. धन नट आवळताना पाना इंजिनला टेकला आणि ऋण आधीच जोडलेलं असेल तर पाना जागेवरच वितळून चिकटतो.

मग फ्यूज घालण्याआधी मीटरने प्रत्येक ठिकाणी धन-ऋण तपासा. फ्यूज एकेक करून घाला. फ्रिज चालू करा आणि बॅटरीवरचा व्होल्टेज व फ्रिजच्या टोकावरचा व्होल्टेज दोन्ही मोजा. फरक हिशोबापेक्षा जास्त असेल तर कुठला तरी सांधा सैल आहे. मोठा भार दहा मिनिटं चालवून प्रत्येक लगावरून इन्फ्रारेड तापमापक फिरवा. शेजाऱ्यांपेक्षा गरम लग दिसला की तो कापून नव्याने बसवा. पहिल्या काही तासांच्या प्रवासानंतर सगळे नट पुन्हा आवळा, कारण शिशाची टोकं दबतात आणि सैल होतात.

शेवटची चाचणी बोट सोडून जायच्या दिवशी. सगळे स्विच बंद करून बॅटरीच्या ऋण केबलभोवती डीसी क्लॅम्प मीटर लावा. बिल्ज पंपाचा सेन्सर आणि मॉनिटर मिळून काही मिलिॲम्पिअर दिसतील, ते ठीक. अर्धा ॲम्पिअर दिसला तर दिवसाला १२ ॲम्पिअर-तास गळतायत आणि वर हिशोब केलेली ३६० ची बँक पंधरा दिवसांत निम्मी होईल. फ्यूज एकेक काढत जा. ज्याच्यावर आकडा पडेल त्या वायरीच्या मागे लागा.